एमबीबीएसनंतर जेनेटिक एपिडेमिऑलॉजी : काम काय असतं आणि सुरुवात कुठून करायची

प्रश्न : माझं एमबीबीएस नुकतंच झालं. इंटर्नशिपमध्ये गडचिरोली जिल्ह्यातल्या एका पीएचसीवर होते, तिथे सिकलसेलची बरीच मुलं पाहिली. एकाच घरात एक मूल महिन्याआड ॲडमिट आणि त्याचं सख्खं भावंड ठणठणीत, हे बघून मला या विषयानं धरलंय. घरचे म्हणतात मेडिसिन नाहीतर रेडिओलॉजी घे. जेनेटिक एपिडेमिऑलॉजीत करिअर होतं का? रोजचं काम काय असतं?

उत्तर : मी पीएसएममध्ये, म्हणजे सामाजिक आरोग्याच्या विषयात, एमडी केलं आणि गेली तेवीस वर्षं याच कामात आहे. त्यातली निम्मी विदर्भात सिकलसेलवर गेली, उरलेली मधुमेहाच्या पाहण्यांमध्ये. करिअर होतं. कुठल्या लोकांत कुठलं जनुक किती आणि त्याचा आजाराशी काय संबंध, हे मोजायचं शास्त्र म्हणजे जेनेटिक एपिडेमिऑलॉजी. पण तुमच्या डोळ्यांसमोर जे चित्र असेल, पांढरा कोट, डीएनए वाचणारं मशीन, स्क्रीनवर रंगीत पट्टे, त्यात माझे फार थोडे दिवस गेले. सॅम्पल आता बाहेरच्या लॅबला पाठवता येतं आणि काही आठवड्यांत फाइल हातात येते. तो भाग दरवर्षी स्वस्त होत चाललाय. ते रक्त कोणाचं, त्या माणसाचं आपण नेमकं काय मोजलं, तो शेजारच्या घरातल्या माणसाचा कोण लागतो आणि निकाल त्याच्यापर्यंत कसा पोचला, हा भाग मात्र होता तितकाच अवघड आहे. मी ज्याला माझं काम म्हणते ते हेच.

तुम्ही सिकलसेल पाहिलाय, तर तिथूनच सांगते. १९१० साली शिकागोत हेरिक यांनी विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशींचं पहिलं वर्णन छापलं. १९४९ मध्ये पॉलिंग यांनी हा हिमोग्लोबिनच्या रेणूतला आजार असल्याचं दाखवलं, आणि १९५६-५७ मध्ये इन्ग्रम यांनी चूक नेमकी पकडली : बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन. भारतात १९५२ मध्ये निलगिरीतल्या आदिवासींमध्ये हा आजार सापडला. त्याच दशकात नागपूरहूनही नोंदी आल्या. म्हणजे जनुक कळून सत्तरच्या आसपास वर्षं झाली. तरी १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू करावी लागली. शून्य ते चाळीस वयाच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत आजाराचं निर्मूलन, असं तिचं स्वरूप. ही मधली वर्षं कुठे गेली? मुळात कुठल्या तालुक्यात, कुठल्या जमातीत, कुठल्या पोटजातीत किती वाहक (दोनपैकी एकच जनुक सदोष, स्वतः आजारी नसलेले) आहेत, कोण लहानपणीच दगावतं, कोणाला आजार सौम्य जातो आणि का, हे मोजायला माणसं कमी पडली. तुमच्या प्रश्नातली जागा तीच आहे.

आता प्रत्यक्ष काम बघा. सोल्युबिलिटी टेस्ट घरात बसून होते, थेंबभर रक्त पुरतं. द्रावण गढूळ झालं की समजायचं सिकल हिमोग्लोबिन आहे. पण एएस (वाहक) की एसएस (रुग्ण) हे ती सांगत नाही, त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या तपासण्या लागतात. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात ही टेस्ट भरवशाची नाही, कारण त्याचं बरंचसं हिमोग्लोबिन अजून गर्भातलंच असतं. नुकतंच रक्त चढवलेल्या मुलाचा पॅटर्न रक्तदात्याच्या रक्तामुळे बिघडतो. बीटा थॅलेसेमिया या हिमोग्लोबिनच्या दुसऱ्या आजाराचा वाहक एचबीए-टू या हिमोग्लोबिनच्या वाढलेल्या प्रमाणावरून ओळखतात; लोह कमी असलं की ते खाली जातं आणि वाहक हातातून निसटतो. म्हणून आमच्या फॉर्मवर ‘शेवटचं रक्त कधी चढवलं’ हा रकाना नावाच्या लगेच खाली असतो. एका पाहणीत तो मागच्या पानावर गेला होता, आणि घाईत तो भरलाच गेला नाही. चार महिन्यांचं काम पुन्हा करावं लागलं. जनुकाच्या अभ्यासाचा जीव असा एका रकान्यात असतो.

मधुमेहात हेच वेगळ्या रूपात भेटतं. एचबीए-वन-सी हा तीन महिन्यांच्या साखरेचा आरसा मानतात. पण तांबडी पेशी लवकर मरत असेल तर तिला साखर चिकटायला वेळच मिळत नाही, आणि आकडा खोटा कमी येतो. सिकलसेलच्या रुग्णात या टेस्टवर विसंबूच नये. नुसत्या वाहकांतही, तीच उपाशीपोटीची साखर असताना हा आकडा थोडा कमी दिसू शकतो, हे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या अभ्यासांत दिसलंय. आता जिथे वाहक भरपूर आहेत अशा भागात कोणी फक्त एचबीए-वन-सीवर पाहणी केली, तर सिकलचं जनुक मधुमेहापासून वाचवतं असा निष्कर्ष निघेल आणि छापूनही येईल. हा सापळा ओळखता येण्यासाठी डॉक्टर असण्याचा खरा उपयोग होतो. नुसता संगणक शिकलेल्या माणसाच्या हे सहज लक्षात येत नाही.

वंशावळीबद्दल थोडं रेंगाळते, कारण मला यातच सगळ्यात जास्त आनंद मिळाला. इंग्रजी पुस्तकांतून शिकलेली मुलं फॉर्मवर ‘कझिन’ असं लिहून आणतात. आपल्या भाषेत मामेभाऊ, आतेभाऊ, मावसभाऊ, चुलतभाऊ असे चार शब्द आहेत आणि प्रत्येक शब्द कागदावर वेगळी रेघ ओढतो. बाई म्हणाल्या ‘मामाच्या घरी दिली’, की नवरा-बायको सख्खी मामे-आतेभावंडं असण्याची शक्यता उभी राहते, आणि त्यांच्या मुलाला एकाच पूर्वजाकडून तेच जनुक दोन्ही बाजूंनी मिळण्याची शक्यता सोळात एक. पण तिथेच थांबायचं नाही. सख्खा मामा की मानलेला, हे विचारायचं. गोंड घरात गेलात तर देवं किती ते विचारा, चार, पाच, सहा की सात. तेवढीच देवं असलेल्या घरात सोयरीक होत नाही. फॉर्मवरच्या ‘जमात : गोंड’ या नोंदीनं जे कळत नाही ते त्या एका प्रश्नानं कळतं. माझा अनुभव असा, की घरातल्या पुरुषांना दोन पिढ्या सांगता येतात आणि म्हातारीला पाच. म्हातारी शेतावर गेली असेल तर तिची वाट बघा.

हे सगळं विचारायचं कारण भारताची घडणच तशी आहे. रोटी-बेटी व्यवहार शतकानुशतकं आपल्याआपल्यात राहिला, म्हणून शेजारीशेजारी राहणारे दोन समाज जनुकांच्या हिशेबात लांबचे असू शकतात. हे आपल्याकडच्या लोकांनी फार लवकर ओळखलं होतं. मुंबईत सांघवी आणि खानोलकर यांनी १९४९ मध्ये सहा समाजांतली सात जनुकीय लक्षणं मोजून छापली. इरावती कर्वे आणि मल्होत्रा यांनी १९६८ मध्ये महाराष्ट्रातल्या ब्राह्मणांच्या आठ पोटजातींची शारीरिक आणि रक्तगटांची तुलना मांडली. आणि १९५२ मध्ये भेंडे आणि सहकाऱ्यांनी ज्या रक्तगटाचं वर्णन केलं, त्याला आज जगभर ‘बॉम्बे’ म्हणतात. साध्या तपासणीत तो ओ सारखा दिसतो, पण त्या माणसाला ओ रक्त चढवलं तर जिवावर बेततं. मुंबईत साधारण दहा हजारांत एकाचा असतो. रक्तपेढीत काम करणाऱ्या कुणालाही विचारा, तो दाता शोधायला रात्री कसे फोन फिरतात.

अलीकडच्या काळात हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी-रेणुजीवशास्त्राच्या संशोधन संस्थेतल्या थंगराज यांनी हार्वर्डच्या राइक यांच्याबरोबर २००९ आणि २०१७ मध्ये जे काम छापलं, ते तुम्ही मुळातून वाचाच. दक्षिण आशियातल्या २६३ समाजांपैकी ८१ समाज इतक्या थोड्या पूर्वजांपासून आलेत, की अश्केनाझी ज्यू आणि फिनलंडचे लोकही त्या बाबतीत मागे पडतात. त्या ८१ पैकी १४ समाजांची लोकसंख्या दहा लाखांच्या वर आहे. याचा दवाखान्यातला अर्थ सांगते. आंध्र-तेलंगणातल्या वैश्य समाजात ब्युटिरिलकोलिनएस्टरेज या विकराची (एन्झाइमची) कमतरता बरीच आढळते. अशा रुग्णाला भूल देताना सक्सिनिलकोलिन हे स्नायू ढिले करणारं औषध दिलं तर स्नायू तासनतास ढिले राहतात, श्वास स्वतःहून चालू होत नाही. तिथले भूलतज्ज्ञ म्हणूनच रुग्णाचा समाज विचारतात. असे आणखी किती आजार कुठल्या समाजात दडलेत ते अजून शोधायचंय. जीनोम इंडिया प्रकल्पानं ८३ लोकसमूहांतून जवळपास दहा हजार जीनोम वाचले आणि जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी खुले केले. तुमच्या पिढीला हे तयार मिळतंय. आम्हाला एकेका सॅम्पलसाठी हात पसरावे लागायचे.

पण याच घडणीतून एक मोठी चूकही जन्माला येते, आणि तुमचा निम्मा अभ्यासक्रम तीच टाळण्यासाठी असेल. समजा मधुमेहाचे रुग्ण तुम्ही नागपुरातून घेतले आणि निरोगी माणसं कोकणातून. दोन्ही गटांत शेकडो जनुकं वेगळी दिसतील आणि त्यातल्या एकाचाही मधुमेहाशी संबंध नसेल. तो फरक नागपूर आणि कोकणातला आहे. याचं पुस्तकी उदाहरण ॲरिझोनातल्या पिमा लोकांचं. तिथे एक प्रथिनाचा प्रकार असलेल्यांत मधुमेह कमी दिसला आणि ते जनुक रक्षण करतं असं वाटलं. १९८८ मध्ये नोलर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की तो प्रकार मुळात युरोपीय पूर्वज असल्याची खूण होता. पूर्वजांचा हिशेब धरल्यावर ‘रक्षण’ नाहीसं झालं. आज पीसीए ही पूर्वजांतले फरक वेगळे काढणारी गणिती पद्धत चालवून ही दुरुस्ती काही मिनिटांत होते, आणि म्हणूनच मुलं गाफील राहतात. सॅम्पल गोळा करतानाच रुग्ण आणि निरोगी एकाच गावातले, शक्यतो एकाच आळीतले घेतले, तर नंतर गणितावर इतका भार पडत नाही.

मला ज्या कामानं या क्षेत्रात कायमचं बांधून ठेवलं ते पुण्याचं. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत बायकांचा अभ्यास सुरू केला. गर्भ कधी राहिला ते अचूक कळावं म्हणून दर महिन्याला घरोघर जाऊन पाळीची तारीख लिहून घ्यायची. जन्मलेल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो भरलं, इंग्लंडमधल्या साऊथॅम्प्टनच्या बाळांचं ३.५. इथवर अपेक्षितच होतं. पण पाठीवरची कातडी चिमट्यात धरून मोजली, तर आपल्या बाळांचे स्नायू आणि पोटातले अवयव बारीक, चरबी मात्र त्या मानानं राखलेली. हडकुळं दिसणारं आणि तरी चरबी असलेलं बाळ. सडपातळ भारतीयाला मधुमेह कसा होतो, या प्रश्नाचं एक टोक जन्माच्या दिवशीच सापडलं. कातडी चिमट्यात धरण्याचं ते साधन अगदी साधं असतं. ते कुठे लावायचं, किती दाबायचं, आकडा किती सेकंदांनी वाचायचा, यावर दोन कार्यकर्त्यांचं एकमत होईपर्यंत सराव करावा लागतो. मी मुलींना शिकवते तेव्हा तीच जागा दहादा मोजायला लावते आणि मधले आकडे त्यांना दाखवत नाही.

त्याच गावांतून जनुकाचा एक सुंदर उपयोगही पुढे आला. आईच्या रक्तात होमोसिस्टीन (बी-बारा कमी पडलं की वाढणारं एक अमिनो आम्ल) जास्त असलं की बाळ लहान जन्मतं, असं दिसत होतं. पण ते होमोसिस्टीनमुळे, की ती आई एकूणच गरीब आणि तिच्या ताटात दूध-भाजी कमी म्हणून? जनुक गरिबी बघून वाटलं जात नाही. एमटीएचएफआर या जनुकाचा एक प्रकार होमोसिस्टीन वाढवतो, आणि तो आईला तिच्या जन्माआधीच मिळालेला असतो. २०१४ मध्ये छापलेल्या अभ्यासात, तो प्रकार असलेल्या आयांची बाळंही हलकी निघाली. म्हणजे होमोसिस्टीनचा स्वतःचा हात असल्याचा पुरावा मिळाला आणि बी-बारा जीवनसत्त्वाकडे बोट गेलं. या पद्धतीला मेंडेलियन रँडमायझेशन म्हणतात. मला वाटतं, या शास्त्राचा लोकांच्या आरोग्याला सर्वांत मोठा उपयोग असाच होणार आहे : आजाराचं जनुक शोधून काढण्यापेक्षा, जनुकाच्या आधारानं ताटात, हवेत, पाण्यात काय बदलायचं ते ठरवण्यासाठी. जनुक बदलता येत नाही, बी-बाराची गोळी देता येते. त्या सहा गावांतली बाळं आता तिशीला आलीत.

आता एक गोष्ट सांगते, ती सांगायला मला अजून जड जातं. कामाच्या तिसऱ्या वर्षी आम्ही एका आश्रमशाळेत तपासणी केली. निकाल आले तेव्हा पावसाळा तोंडावर होता, पुन्हा यायला जमलं नसतं. म्हणून आम्ही यादी घेऊन व्हरांड्यात उभे राहिलो आणि नावं पुकारून कार्डं वाटली. एएस वाल्यांना वेगळं बसवून समजावलं. आम्हाला वाटलं, किती नीट काम केलं. दोन महिन्यांनी आशाताई भेटल्या आणि म्हणाल्या, ‘‘मॅडम, त्या पोरीची सोयरीक मोडली. मुलाकडचे म्हणाले, तिला वेगळं बसवलं होतं.’’ ती फक्त वाहक होती. तिला काहीही झालेलं नव्हतं, होणारही नव्हतं. आणि ज्याच्याशी ठरलं होतं त्या मुलाची तपासणी कधीच झाली नव्हती. मी तिच्या घरी गेले. तिची आई दारातच उभी राहिली, आत या म्हणाली नाही. त्या वर्षापासून आम्ही निकाल घरी जाऊन देतो, आधी ज्याचा त्याला, त्यानं हो म्हटल्यावर घरच्यांना. चौपट वेळ लागतो. प्रोजेक्टच्या बजेटमध्ये हा वेळ धरलेला नसतो, तो तुम्हाला भांडून धरायला लावावा लागतो. मी प्रत्येक वेळी भांडले आहे.

समजावण्याचं सांगते. ‘‘पंचवीस टक्के’’ म्हटलं की लोक समजतात, चार मुलांत एक आजारी, पहिलं आजारी निघालं म्हणजे पुढची तीन सुटली. हा गैरसमज शिकलेल्या घरांतही तितकाच दिसतो. मी दोन वाट्या घेते. एक आईची, एक बापाची, प्रत्येकीत एक हरभरा आणि एक तुरीचा दाणा. डोळे मिटून दोन्हींतून एकेक उचलायचा. दोन्ही तुरी आल्या तर एसएस. मग दाणे परत वाटीत टाकायचे आणि पुन्हा उचलायचे. ‘परत टाकायचे’ हे त्यांनी स्वतःच्या हातानं केलं की समजतं. एका बाईंनी सलग तीनदा दोन तुरी उचलल्या, चौथ्यांदा हात थांबवला आणि नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, ‘‘म्हणजे दर खेपेला नव्यानं.’’ इतकं नेमकं मी कुठल्या व्याख्यानात ऐकलेलं नाही.

संमतीचंही असंच. अमेरिकेतल्या हवासुपाई लोकांनी मधुमेहाच्या अभ्यासासाठी रक्त दिलं, आणि ते त्यांना न विचारता स्किझोफ्रेनियासाठी, त्यांचे पूर्वज कुठून आले हे शोधण्यासाठी वापरलं गेलं. ते कोर्टात गेले. २०१० मध्ये ॲरिझोना राज्य विद्यापीठाकडून सात लाख डॉलर आणि उरलेलं रक्त परत मिळून तडजोड झाली. संमतीचा फॉर्म मराठीत असणं पुरेसं नाही. माडिया ही आदिवासी भाषा बोलणाऱ्या बाईला मराठी फॉर्म वाचून दाखवणं म्हणजे संमती नव्हे. तिच्या भाषेतला माणूस सोबत हवा, आणि ‘नाही’ म्हटलं तरी पीएचसीतलं औषध बंद होणार नाही, हे तिला आधी सांगायला हवं.

व्यवहाराचं. तुमच्यासमोर दोन वेगळे रस्ते आहेत, त्यांची गल्लत करू नका. एका कुटुंबाला समोर बसवून निदान आणि सल्ला द्यायचा असेल तर एमडी पेडियाट्रिक्स किंवा मेडिसिन करून पुढे मेडिकल जेनेटिक्समध्ये डीएम. लखनौचं एसजीपीजीआय त्यासाठी जुनं ठिकाण आहे. हजारो माणसांचा मिळून अर्थ लावायचा असेल तर पीएसएममध्ये एमडी, किंवा चेन्नईची एनआयई (राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्था), त्रिवेंद्रमची श्री चित्रा संस्था अशा ठिकाणी पब्लिक हेल्थ, आणि मग पीएचडी. मुंबईत हिमोग्लोबिनच्या आजारांसाठी आयसीएमआरची एनआयआयएच ही संस्था आहे, पश्चिम बंगालमध्ये कल्याणीला जनुकशास्त्राची एनआयबीएमजी आहे. इंडिया अलायन्स या संशोधनाला पैसे देणाऱ्या संस्थेच्या फेलोशिप डॉक्टरांसाठी वेगळ्या असतात, त्यांच्यावर लक्ष ठेवा. संख्याशास्त्राला घाबरत असाल तर आत्ताच बसा : ‘आर’ ही संख्याशास्त्राची संगणकभाषा शिका, ‘प्लिंक’ हे जनुकांच्या माहितीचं सॉफ्टवेअर चालवायला शिका, आणि रिग्रेशन हातानं एकदा तरी सोडवा. पैशांचं खरं सांगायचं तर पहिली आठ-दहा वर्षं प्रोजेक्टवरच्या करारी नोकऱ्या असतात, प्रोजेक्ट संपला की पगार थांबतो. माझा दोनदा थांबला. तुमच्या बॅचची रेडिओलॉजिस्ट मैत्रीण तेव्हा घर घेत असेल. हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा, लपवू नका. आणि एका गटाशी, एका भागाशी दीर्घकाळ बांधून घेता येईल अशी जागा निवडा, पगार थोडा कमी असला तरी. दर तीन वर्षांनी विषय बदलणाऱ्यांच्या हाताला या शास्त्रात फारसं काही लागत नाही. पेपर निघतात, तेवढंच.

प्रवेशपरीक्षेच्या अभ्यासात एक आठवडा काढा आणि पुन्हा त्या पीएचसीवर जा. तुम्ही ज्या घराबद्दल लिहिलंय, एक मूल आजारी आणि एक ठणठणीत, त्याच घराची तीन पिढ्यांची वंशावळ काढा. तपासणी करू नका, रक्त घेऊ नका, तो अधिकार अजून तुमचा नाही. फक्त बसा, चहा घ्या, विचारा. लहानपणी गेलेली मुलं कोणी आपणहून सांगत नाही, त्यांच्याबद्दल शेवटी आणि हळू विचारा. पेन्सिलनं काढा, कारण दुसऱ्या दिवशी आजी घरी असेल आणि निम्म्या रेघा बदलतील.